मागच्या बाजूची कळ

पत्र दोनच ओळींचं होतं. ‘तुमच्या तीन सल्लागारांपैकी एकाची ओळख खोटी आहे. सोमवारच्या सहीआधी शोधा.’ छापील अक्षरं, खाली नाव नाही. त्याच सकाळी कुणीतरी ते ऑफिसच्या दाराखालून आत सरकवलं होतं.

"आज शनिवार," कंपनीची तरुण संचालिका म्हणाली. "माझ्या हातात दोन दिवस आहेत."

वहिनींनी पत्र भावोजींकडे दिलं. वहिनी खासगी तपास करत. भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांना दिसायचं सगळं, पण त्यातलं महत्त्वाचं काय हे कधी कळायचं नाही, आणि याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे.

"सही कसली?" वहिनींनी विचारलं.

"आमचं यंत्र पेशंटच्या उशाशी असतं. नाडी बिघडली की वाजतं. हॉस्पिटलांना देण्याआधी सुरक्षिततेच्या दाखल्यावर डॉक्टरची सही लागते. ती आमचे सल्लागार डॉक्टरकाका करतील. काल संध्याकाळी ठरलं आणि त्यांना फोन केला. बाकी दोघांना सोमवारीच सांगणार आहे."

"या यंत्राचं कुणाच्या डोक्यात आलं?"

"मी नऊ वर्षांची असताना माझी आई वॉर्डात वारली. यंत्र उशाशी होतं. कुणीतरी त्याचा आवाज बंद केला होता. तेव्हा कळ मागच्या बाजूला असायची. आमच्या यंत्राला कळच नाही. पेशंटच्या मनगटावरच्या पट्ट्यावर कुणी तळहात टेकला, तरच ते गप्प होतं. ही कल्पना काकांची. खरं सांगू? बाबांनंतर मला तेवढेच आहेत."

भिंतीवर तीन फोटो होते आणि प्रत्येकाखाली कारकीर्द. माजी वैमानिक, धोक्याच्या सूचनांचे जाणकार. माजी हॉस्पिटल प्रशासक. ज्येष्ठ भूलतज्ज्ञ, छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. कोपऱ्यात चाचणीचा चाकांचा पलंग होता. वहिनींनी भावोजींना त्यावर झोपवलं आणि पट्टा बांधला. ते टेकले तसा पलंग चार बोटं सरकला.

"पगार मिळणार असेल तर मी इथेच राहतो," भावोजी म्हणाले.

तिघांना एकेक करून आत बोलावलं. आधी वैमानिक आले.

"सोमवारी सही आहे म्हणे?" वहिनींनी सहज विचारलं.

"कसली सही? मला कुणी काही बोललं नाही."

इतक्यात ठरल्याप्रमाणे भावोजींनी पट्टा सैल केला. यंत्र कर्कश वाजू लागलं. वैमानिकांची नजर आधी यंत्रावर गेली. "लाल दिवा कुठेय?" ते म्हणाले.

प्रशासकबाईंनाही सहीचं ठाऊक नव्हतं. यंत्र वाजल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दाराकडे वळून विचारलं, "ड्यूटीवर कोण आहे?" भावोजींना हसू आवरेना.

मग डॉक्टरकाका आले. पांढरेशुभ्र केस, इस्त्रीचा शर्ट. सहीबद्दल विचारल्यावर ते नुसते "हो" म्हणाले. यंत्र वाजलं मात्र, आणि ते झटकन पलंगाशी पोचले. खाली न बघता त्यांनी पायाने चाकाचा ब्रेक दाबला. डावा हात यंत्राच्या मागे गेला, तिथे चाचपडला आणि एकदम मागे आला. मग त्यांनी भावोजींच्या मनगटावर तळहात ठेवला.

यंत्र गप्प झालं.

वहिनींनी काकांना थांबायला सांगितलं, संचालिकेला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सहीचं फक्त काकांना माहीत होतं. तरी पत्रात सहीचा उल्लेख आहे. म्हणजे पत्र काकांनीच लिहिलं."

"काका का लिहितील?"

"कारण खोटी ओळख त्यांचीच आहे. वैमानिकाने दिवा शोधला, बाईंनी माणूस शोधला. ज्याचं जे काम. काकांच्या पायाने ब्रेक शोधला. भूलतज्ज्ञापर्यंत पेशंट आणून ठेवतात, ब्रेक लावतो तो आणणारा. आणि तुमच्या यंत्राला कळ नको असं ज्यांनी सुचवलं, त्यांचाच हात ती कळ शोधायला मागे गेला. फार वर्षांची सवय आहे ती."

काका खुर्चीत बसले. बसले म्हणजे कोसळलेच.

"वॉर्डबॉय होतो मी. बावीस वर्षं. सही केली असती, तर पुन्हा पेशंट माझ्यावर विसंबले असते. नाही म्हटलं असतं, तर तू कारण विचारलं असतंस. तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, बाळ."

"पुन्हा म्हणजे?"

काकांनी मान वर केली नाही. "ते यंत्र त्या दिवशी सकाळपासून उगीचच वाजत होतं. दुपारी मी मागची कळ दाबली आणि जेवायला गेलो. खिडकीजवळचा पलंग होता. मी परत आलो तेव्हा दारात तू उभी होतीस. दोन वेण्या, निळ्या फिती. एकीची गाठ सुटली होती."

फितींचं तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुमच्या कंपनीचं आणि तुझ्या आईचं मी पेपरात वाचलं. वॉर्डबॉयचं कोण ऐकणार, म्हणून डॉक्टर झालो. तेवढी कळ कुणी दाबू नये, एवढंच हवं होतं."

भावोजींना या वेळी सगळं कळलं होतं. ते उठून बसले. पट्टा त्यांच्या मनगटावरून पलंगावर गळून पडला आणि यंत्र पुन्हा वाजू लागलं.

काका सवयीने उठले. दोन पावलं आल्यावर थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"कळ बसवणार नाही मी, कधीच," ती म्हणाली. "पण तुम्ही जा, काका. मी आहे इथे."

काका गेले. जिन्यावरची त्यांची पावलं आवाजात बुडून गेली. मग तिने पुढे होऊन रिकाम्या पट्ट्यावर आपला तळहात ठेवला, आणि खोली शांत झाल्यावरही तो किती तरी वेळ उचलला नाही.