तीनदा उघडलेलं ॲप

"सही करणार नाय. नोकरी गेली तर गेली."

सारिकाने कागद टेबलावर ठेवला. 'मी गोंधळून गेले आणि मदतीचा संदेश पाठवला नाही,' असं त्यावर टाइप केलेलं होतं. खाली सहीची जागा कोरी.

शहापूरच्या त्या छोट्या ऑफिसात कुणालीने कागद दोनदा वाचला. खासगी तपासाच्या धंद्यात येण्याआधी तिने ठाण्याच्या एका कंपनीत सहा वर्षं मोबाइल ॲप लिहिली होती. तिचा मावसभाऊ सुनिल तिच्याबरोबर काम करायचा. बाइक तो चालवायचा, माणसांची ओळखपाळख त्याची, डोकं मात्र तिचं, असं तो स्वतःच सांगायचा.

"पहिल्यापासून सांग," कुणाली म्हणाली.

सारिका वैशाखरे गावची. मुरबाडच्या एका सेवा संस्थेत ती आरोग्यसेविका होती. तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, भात कापताना गावातल्या देवजीकाकांना घोणस चावली. सारिकाने संस्थेचं 'धाव' हे ॲप उघडून रुग्णवाहिकेसाठी लाल बटण दाबलं.

"दाबलं का ॲप बंद. परत उघडलं, परत बंद. मग दोन दवाखान्यांत फोन केले, तिथल्या गाड्या बाहेर गेलेल्या. शेवटी रस्त्यावर धावले नि भाजीची पिकअप थांबवली. तास गेला, ताई. काकांचा पाय गुडघ्याखाली कापला. गाव म्हणतंय, सारिका फोनशी खेळत बसली."

"लाल बटण आधीपासून होतं?"

"होतं. पण पहिल्याच पानावर नवीन आलेलं. चार दिवस झालेले. मी पहिल्यांदाच वापरलं."

"आणि तुझा फोन?"

"संस्थेनं या कागदाबरोबर तोही मागितला. नाय दिला. त्या दिवसापासून बंद करून ठेवलाय."

कुणाली पहिल्यांदा हसली. "बरं केलंस. तसाच राहू दे."

मुरबाडला संस्थेच्या ऑफिसात ॲप बनवणारा मितेश भेटला. तिशीचा, चुणचुणीत. त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा, सारिकाच्या फोनच्या नोंदी. अकरा सात, अकरा आठ, अकरा नऊ. तीनदा ॲप उघडलंय. लाल बटणाची नोंद एकदाही नाही. घाबरली असेल बिचारी."

"बटण बिघडलेलं असेल तर?" कुणालीने विचारलं.

मितेशने स्वतःचा फोन सुनिलच्या हातात दिला. "उघडा नि दाबा."

सुनिलने दाबलं. 'संदेश पाठवला' अशी हिरवी अक्षरं आली.

"पूर्वी हे बटण नकाशाच्या पानावर होतं," मितेश म्हणाला. "नकाशा उघडा, जवळची गाडी दिसू द्या, मग दाबा. त्यात वेळ जायचा, म्हणून मीच ते पुढे आणलं."

बाहेर आल्यावर सुनिल म्हणाला, "ताई, पोरगी खोटं बोलतेय. बटण तर चालतंय."

"आज चालतंय," कुणाली म्हणाली.

संस्थेच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर लडकू अंगणात गाडी पुसत होता. त्या मंगळवारचं नाव काढताच त्याचा हात थांबला.

"मी टोकावड्याला रिकामा उभा होतो. देवजीच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. पण गाडीतल्या फोनवर कॉल येत नाय, नुसतं ॲप चालतं. काय आलंच नाय तर मी कुठं जाणार?"

"नंतर ॲपने त्रास दिला?"

"नाय. फक्त दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, आपसूक नवीन झालं. परत पासवर्ड मागितला."

कुणालीने संस्थेच्या प्रमुख भावनाताईंना सांगितलं, "उद्या सकाळी सगळ्यांना बसवा. सारिकालाही."

दुसऱ्या दिवशी टेबलाभोवती भावनाताई, मितेश आणि सारिका बसले. लडकू अंगणात गाडीपाशी होता. कुणालीने सारिकाचा फोन चालू केला, ॲप आपोआप बदलणार नाही अशी व्यवस्था केली आणि सुनिलच्या फोनवरून त्याला नेट दिलं.

"सारिका, त्या दिवशी केलंस तसंच कर."

सारिकाने ॲप उघडून लाल बटण दाबलं. पडदा काळा झाला, ॲप गायब. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"आता आधी नकाशा उघड. गाडी दिसली की मग दाब."

या वेळी अंगणातल्या गाडीत घंटा वाजली. लडकू धावत दारात आला.

"ॲपमध्ये 'जवळची गाडी' अशी एक जागा राखलेली आहे," कुणाली म्हणाली. "ती भरते फक्त नकाशा उघडल्यावर. बटण नकाशाच्या पानावर होतं तोवर ती नेहमी भरलेली असायची. मितेशने बटण पुढे आणलं, पण जागा सुरुवातीलाच भरायचं राहिलं. तिथे शून्यही नाही, काहीच नाही. प्रोग्रॅमवाले त्याला नल म्हणतात. बटण त्या रिकाम्या जागेला गाडीचा नंबर विचारतं आणि ॲप कोसळतं. संदेश निघण्याआधीच. म्हणून बटणाची नोंद नाही."

"पण माझ्या हातून तर चाललं," सुनिल म्हणाला.

"ते बुधवारनंतरचं ॲप. लडकूदादांना पासवर्ड का मागितला? दुरुस्त केलेलं ॲप सगळ्यांच्या फोनवर गेलं म्हणून. जुनं उरलं ते फक्त बंद असलेल्या या फोनमध्ये. आणि मंगळवारच्या तीन नोंदी बघा. गोंधळलेला माणूस मिनिटामिनिटाला ॲप उघडत नाही. ज्याचं ॲप सारखं बंद पडतंय, तो उघडतो. ॲप कोसळलं की अहवाल आपोआप जातो, तो मितेशकडे आला होता. नाहीतर त्याने बुधवारी नेमकं काय दुरुस्त केलं?"

मितेश मान खाली घालून म्हणाला, "एका ओळीची चूक होती. सांगितलं असतं तर मी संपलो असतो."

"म्हणून मला संपवलंत," सारिका म्हणाली.

भावनाताईंनी घसा साफ केला. "सारिका, उद्यापासून कामावर ये. हे या खोलीतच राहू दे."

"नाय, ताई. माझं नाव गावात खराब झालं. ते गावातच साफ होणार. यानं लिहायचं, नि यानंच वाचायचं. नायतर हा फोन घेऊन मी गावोगाव फिरेन. सगळ्यांना दाखवेन."

मितेशने कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

वैशाखऱ्याच्या वाटेत सुनिल सारिकाला म्हणाला, "मी तुला खोटी समजलो होतो."

"कळलं होतं मला," सारिका म्हणाली. "तोंडावर दिसत होतं तुमच्या."

वैशाखऱ्याला देवजीच्या ओटीवर माणसं जमली. मितेशने वाचायला सुरुवात केली. आवाज चिरकला तेव्हा सारिका म्हणाली, "मोठ्यानं." त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. ती ताठ उभी राहून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत होती.

देवजी खाटेवर बसला होता. वाचून झाल्यावर सरकून त्याने खाटेवर जागा केली.

"ये गो, सारिका," तो म्हणाला. "पट्टी बदलायचीय. तूच बदलायची म्हणून कालपासून कोणाला हात लावू दिला नाय मी."