कथेखाली लिहिलं, सत्य घटना

विश्वास ठेवावा तरी कुणावर, सांगा बरं? उधार मागणाऱ्यावर एक वेळ ठेवा. त्याला पुन्हा दारात यायचं असतं. पण पुडीवर स्वतःच्या हातानं 'अस्सल' लिहिणाऱ्यावर ठेवू नका. पौडच्या बाजारात एक जण चिंचोक्याची पूड मिसळलेली चहापत्ती 'अस्सल आसाम' म्हणून विकायचा. गिऱ्हाइकं मिटक्या मारत प्यायची. खरी गंमत पुढंच. त्याच गिऱ्हाइकांना कुणीतरी खरोखरीचा आसाम पाजला, तर म्हणाली, "ह्यात भेसळ दिसतीया." छापाची ताकद अशी असते. मनीषच्या बाबतीत ती चहापुरती राहिली नाही, एवढंच.

मनीष अमरावतीकडचा. दोन हजार नऊ सालची गोष्ट. हिंजवडीत संगणकाची नोकरी, जवळच्या नांदे गावात भाड्याची खोली. दिवसा कंपनीचं काम करायचा, संध्याकाळी गोष्टी लिहायचा. पुण्याच्या संपादकांनी 'साभार परत' करून करून त्याला मेटाकुटीला आणलं होतं. मग त्याला ब्लॉगचा रस्ता सापडला. इंग्रजी कळा बडवायच्या, पडद्यावर मराठी उमटते. बटण दाबलं की गोष्ट जगभर. ना संपादक, ना छपाईचा खर्च. पानाच्या तळाशी वाचक मोजणारा आकडा असायचा, तो मात्र आजारी माणसासारखा पडून राही.

मनीषचा डबा चांगुणामावशी करायची. वळणावर तिचं पत्र्याचं घर. विधवा बाई, एकुलती लेक मोनिका नेऱ्याला दिलेली. एका संध्याकाळी तो डबा आणायला गेला तेव्हा दिवे गेले होते. मावशी कंदील धरून दारात उभी, मागं चुलीचा धूर. मनीषनं मोबाइलवर फोटो काढला. सहजच. त्या फोटोवरून गोष्ट सुचली: वळणावरची एक बाई, जिला मीठ चालत नाही, जिची पावलं चिखलात उठत नाहीत. गाव तेच, नाव तेच, फोटोही तोच. गोष्टीखाली प्रकार लिहायची जागा असते, तिथं त्यानं लिहिलं, 'काल्पनिक'. बोटावर मोजण्याइतक्यांनी वाचली.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते पुसून 'सत्य घटना' असं लिहिलं.

आकडा पळत सुटला. 'खरंच का हो?' 'पुढचा भाग कधी?' 'पत्ता द्या, शनिवारी येतो.' मनीषनं सगळ्यांना ठोकून दिलं, शंभर टक्के खरं, आणि दुसरा भाग टाकला. सूसकडची पोरं मोटारसायकलवरून यायला लागली. मावशीच्या पत्र्यावर दगड टाकायची आणि दबा धरून बघायची, बाहेर कोण येतंय. मनीषला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाढत्या वाचकांचं सुख त्याहून जड. तराजूच तो, जड पारडं खाली जाणारच. तिसऱ्या भागात त्यानं त्या बाईला पोटच्या लेकीच्या घरात शिरवलं, पाळण्यापाशी नेऊन वाकवलं... आणि तिथंच भाग तोडला. वाचक वेडे झाले.

त्याच आठवड्यात डब्यातलं मीठ गेलं. भाजी अळणी, आमटी अळणी. मनीषला वाटलं, बाई विसराळू झाली.

मग एका तिन्हीसांजेला मावशी स्वतःच त्याच्या खोलीवर आली. दिवे नव्हते. दिवसभराच्या पावसानं अंगणात घोटाभर चिखल झाला होता. लॅपटॉपच्या निळ्या उजेडात मनीष चौथा भाग लिहीत होता. ती उंबऱ्याबाहेर थांबली. विझलेल्या राखेचा वास आला.

"दादा, मला मीठच लागंना. मूठभर खाल्लं, माती खाल्ल्यागत."

"डॉक्टरला दाखव ना, मावशी."

"डाक्टर काय करंल?... ह्ये बगा." तिनं मागं बोट दाखवलं. फाटकापासून पायरीपर्यंत चिखल साईसारखा सपाट होता. ती चालत आली होती आणि तिचं एकही पाऊल उठलं नव्हतं.



"मोनिकाचं पयलं बाळंतपण हाय," मावशी हळू बोलत होती. "माहेरीच करायचं आसतंय. पन जावयानं कंपूटरवर वाचलं. आता लेकीला धाडत न्हाईत. म्हनत्यात, तुजी आय बाळाला..." तिनं लॅपटॉपकडं बोट केलं. "त्येच्यावर लिवा की, ह्ये बनीव हाय म्हनून. भाकर घातलीया मी तुमाला. येवडं करा."

गोष्ट काढून टाकता आली असती. पण मग वाचक गेले असते. मनीषनं स्वस्तातला सौदा केला. गोष्ट राहू दिली. खालचं 'सत्य घटना' पुसलं, 'काल्पनिक' लिहिलं आणि बटण दाबलं.

"झालं बघ, मावशी."

उंबऱ्याबाहेर कुणी नव्हतं.

सकाळी तो वळणावर गेला. पत्रा नाही, चूल नाही. कमरेएवढं गवत, तेही कालचं नव्हे, वर्षानुवर्षांचं. गावातला म्हातारा कोंडिबा म्हशी घेऊन चालला होता.

"तात्या, चांगुणामावशी कुठं गेली?"

"कोन चांगुणा?"

"इथं राहायची ती! मोनिकाची आई!"

"हितं? आमच्या जल्मात हितं घर न्हाई बगा." कोंडिबा हसला. "रातपाळ्या लई झाल्या वाटतं, सायेब. झोपा जरा."

मनीष धावत खोलीवर आला. दार लावून घेतलं आणि पुन्हा 'सत्य घटना' लिहिलं. बटण दाबलं. बाहेर पाऊल वाजलं नाही. दाराच्या फटीतून फक्त राखेचा वास आत आला... मग आवाज. मावशीचाच, पण आतून पोकळ.

"पाळना कुटं हाय... दादा?"

तेव्हा त्याला कळलं, 'सत्य घटना' लिहिलं तेव्हाच खरी मावशी गोष्टीत ओढली गेली होती. आता दाराशी आली होती ती त्यानं लिहिलेली बाई. जी भाकरी करून घालायची, तिच्याबद्दल त्यानं कधी ओळसुद्धा लिहिली नव्हती.

त्यानं परत 'काल्पनिक' केलं. वास विरत गेला. त्यानंतर त्या पानाला हात लावायची त्याची छाती झाली नाही. गोष्ट अजून तिथंच आहे. खाली लोक लिहितात, 'वा! बाई अगदी डोळ्यांपुढं उभी केलीत.'

पाऊस सरता सरता एका दुपारी वळणावर रिक्षा थांबली. मनीष तिथूनच चालला होता. अवघडलेली एक पोरगी उतरली, काखेत बोचकं. मोनिका. त्यानं तिला गेल्या दिवाळीत याच वळणावर आईशी हसताना पाहिलं होतं.

"कुणाकडं जायचंय?" त्यानं विचारलं.

"कुनाकडंच न्हाई. मला माहेर न्हाई, दादा. आय कोन, त्ये बी ठावं न्हाई. मामानं वाढवली."

"मग इथं कशी?"

"काय म्हाईत... सकाळपासनं पोटात कळा हायेत. दवाखान्यातच चालले व्हते. रिक्षावाल्याला मीच म्हनलं, ह्या वळनाला थांब."

तिनं चपला काढल्या. नीट जोडून ठेवल्या. गवतात शिरली, थोडं चालली आणि एका जागी आपसूक खाली वाकली, ठेंगण्या दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकतात तशी. मग सरळ झाली. चारी बाजूंना नुसतं गवत हलत होतं.

"दादा," ती घाबरून म्हणाली, "मी वाकले का?"

मनीषनं तिच्या चपला उचलून रिक्षात ठेवल्या. 

तुम्हीही हल्ली नेटवर लिहिता, असं कानावर आलंय. लिहा की, जरूर लिहा. आमची आपली एकच विनंती. माणसाकडून घेतलं किती आणि पदरचं घातलं किती, याचा हिशोब तेवढा चोख ठेवा.