हॉलंबीबाईंच्या बागेतली आई

ट्युलिपचा कंद त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल लावावा, टोक वर करून. उलटा लागला तरी तो वर यायची वाट शोधतो. फक्त उशिरा येतो आणि वाकडा येतो. हे ऑड्री हॉलंबी यांचं.

•

मे महिन्यात समुद्रपूरच्या बस स्टँडवर कुत्री रसवंतीच्या टपरीखाली, बर्फाच्या पोत्याला पाठ लावून झोपतात.

•

उकिडवं बसणं ही लहानपणापासूनची सवय असते. विलायतेतली मोठी माणसं उकिडवी बसत नाहीत. ती रबराच्या उशीवर गुडघे टेकून निंदण करतात, तण काढतात.

•

गिरडच्या एका वाचकाने साप्ताहिकाच्या पत्त्यावर वालाच्या बियांची पुडी पाठवली. वर लिहिलं होतं: हॉलंबीबाईंच्या आईसाठी.

•

हॉलंबीबाईंना आई नाही. त्या स्वतःच ऐंशीच्या पुढे आहेत.

•

डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी आहे.

•

मी जया. समुद्रपूरला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि वर्ध्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकासाठी हॉलंबीबाईंचे लेख मराठीत करते. बाई इंग्लंडात, वेल्सच्या सीमेलगतच्या एका खेड्यात राहतात. तरुणपणी रोपवाटिकेत नोकरी, मग आयुष्यभर बागेवर लिहिणं. तीन पुस्तकं. लग्न नाही. लिहिणं कोरडं, नेमकं. ‘जे रुजलं नाही त्याचं दुःख करू नका, त्याचं खत करा,’ असली वाक्यं. संपादक प्रफुलने सहज म्हणून त्यांना मेल केला आणि त्या हो म्हणाल्या.

पहिले लेख कुणी वाचले नाहीत. प्रफुलचा फोन आला.

“मॅडम, आपल्या वाचकाले ट्युलिप काय समजते? थोडं आपल्यातलं टाका ना.”

“ते बाईंचं आहे. मी काय टाकू?”

“कोन पाहायले येऊन राह्यलं तिकडून?”

म्हणून मी टाकलं. त्यांच्या भिंतीकडेच्या नेटल या झोंबऱ्या तणाची मी खाजकुयली केली. हिमाच्या जागी दव घातलं. आणि चैत्र लागला तेव्हा त्यांच्या बागेत मी एक आई आणून बसवली.

छापून आलेलं: ‘आई सकाळीच खुरपं घेऊन वाफ्यात बसली आहे. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, हाताले काम नसलं की हात दुखते.’

मूळ इंग्रजीत: ‘सकाळी निंदण केलं.’

•

आई माझीच होती, हे सांगायला नको.

आमच्या घरामागे परसबाग होती. दोडका, अंबाडी, पांढरी वांगी, कुंपणावर वाल. मागच्या वर्षी आई त्या वाफ्यात पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, ती चालायलाही लागली. माझा धाकटा भाऊ रजत कृषी केंद्र चालवतो. दिवसभर लोकांना बियाणं विकतो. तो म्हणाला, “ताई, गट्टू बसवून टाकू सारे. पुन्हा पडली त पाहीन कोन? तू का मी?”

आईला कुणी विचारलं नाही. सिमेंटचे राखाडी गट्टू कुंपणापर्यंत बसले. त्यावर रजतची गाडी उभी राहू लागली. आईची खाट ओसरीत, कूलरसमोर आली. “पडशील” हा शब्द घरात दिवसभर ऐकू येई. मीही म्हणत होतेच.

तिने भांडण केलं नाही. फक्त एकदा गाडीकडे पाहून म्हणाली, “चांगली उगवली.”

•

लेखातली आई मात्र चालली. वाचक लिहू लागले. केळझरच्या एका बाईंनी विचारलं, आईंचा गुडघा कसा आहे? मी तर गुडघ्याबद्दल एकच ओळ लिहिली होती. प्रफुल खूश होता. “मॅडम, बाईपेक्षा आई हिट आहे.” माझं नाव लेखाखाली बारीक टायपात येई, कधी राहूनही जाई. माझ्या खऱ्या आईचा खुबा कसा आहे, हे केळझरहूनच काय, शेजारच्या घरूनही कुणी विचारलं नाही.

•

वैशाखात आई दुपारी गाढ झोपू लागली. जेवण झालं की लगेच. ऊन उतरलं की उठायची, थकलेली, पण चेहरा उजळलेला. मी विचारलं, “बरं वाटते ना?”

“बरं आहे. थंडी लई होती.”

बाहेर लू चालली होती. मी कूलर बारीक केला.

मग तिच्या हाताला गांध्या उठल्या. मनगटापासून कोपरापर्यंत, लाल, ओळीने. रजत म्हणाला, ढेकूण. खाटेत ढेकूण नव्हते. डॉक्टरांचं आधी सांगितलंच आहे. त्या आठवड्यात माझ्या लेखात आईने खाजकुयली उपटली होती.

मी योगायोगावर विश्वास ठेवणारी बाई आहे. त्या दिवशीही ठेवला.

नंतर तिची नखं. मी दर आठवड्याला कापते. खाली माती होती. आपली माती काळी, चिकट, वाळली की दगड. ही तपकिरी होती, भुसभुशीत, ओली, आणि तिला कुजलेल्या पानांचा वास होता. समुद्रपुरात तेव्हा नळ एक दिवसाआड येत होता. ओली माती कुठेच नव्हती.

“आई, कुठं गेलती?”

“कुठं जातो बाप्पा मी? खाटेवरच त आहे.” मग हसली. “तूच पाठोते अन तूच इचारते.”

•

साप्ताहिकाचा वर्धापनदिन आला. प्रफुलने ठरवलं, बाईंची मुलाखत घ्यायची, व्हिडिओ कॉलवर. आपली भर दुपार, त्यांची सकाळ. मी ओसरीत बसले. समोर खाटेवर आई झोपली होती. उजव्या हाताची बोटं गोधडीवर काहीतरी चिमटीत धरत, ओढत, बाजूला टाकत होती. म्हातारी माणसं असं करतात. मी वाचलं आहे.

हॉलंबीबाई स्क्रीनवर आल्या. पांढरे आखूड केस, वाकडी झालेली बोटं. संधिवाताने त्यांना खुरपं धरता येत नाही, असं त्यांनी पूर्वीच लिहिलं होतं. मी बागेबद्दल विचारलं. त्यांनी फोन उचलून खिडकीकडे केला.

विटांची भिंत. सफरचंदाचं झाड, फुललेलं. हिरवळ इतकी हिरवी की डोळ्यांना टोचावी. झाडाखाली कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

उकिडवं. पदर कमरेला खोचलेला.

मी विचारलं, “त्या कोण?”

“मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल,” बाई इंग्रजीत म्हणाल्या. “चैत्रापासून,” म्हणजे त्या एप्रिल म्हणाल्या, “येते. बोलत नाही. सुरुवातीला माझी चांगली रोपंही उपटली. आता शिकली आहे.”

“तुम्ही विचारलं नाही, कोण आहे म्हणून?”

“या वयात मदत आली तर तिला प्रश्न विचारत नाहीत.”

मी स्क्रीनवरून नजर उचलली. खाटेवर आईची बोटं चिमटीत धरत होती, ओढत होती, बाजूला टाकत होती. स्क्रीनवरच्या पाठीचा उजवा खांदा त्याच लयीत हलत होता.

मुलाखत मी पुरी केली. प्रश्न तयार होते.

•

पुढच्या लेखातून मी आईला काढलं. शब्दाला शब्द ठेवला. निंदण केलं, एवढंच. ट्युलिपला ट्युलिप.

रविवारी अंक आला.

छापून आलेलं: ‘आई आता कायमची इथेच राहायला आली आहे.’

मूळ इंग्रजीत: काही नाही.

माझ्या भाषांतरात: काही नाही.

मी फोन लावला. प्रफुल हसत होता. “काऊन कापली आई? लोक मले मारतीन ना. मीच एक ओळ टाकून देली. मस्त वाटते की नाई?”

•

त्या दुपारी आई झोपली ती ऊन उतरल्यावर उठली नाही.

म्हणजे डोळे उघडले. भरवलं तर गिळते. बसवलं तर बसते. डॉक्टर म्हणाले, वय झालं. रजत तिच्यासमोर उभा राहिला, हातात गाडीची चावी.

“आई, अशी काऊन करून राह्यली वं? बोल ना.”

तो माझ्याकडे वळला. “नागपूरले नेऊ काय?”

“ने.”

नेलं. मशीनमध्ये घातलं. सगळं होतं तिथेच होतं. हरवल्याची तक्रार द्यावी तर माणूस खाटेवर. रजत परतताना जाम गावाजवळ गाडी थांबवून रडला. मला त्याच्यासोबत रडता आलं नाही. त्याचा राग आला, मग प्रफुलचा, मग त्या बाईचा, जिला माणूस आयतं मिळालं होतं.

गोधडीवर तिची बोटं आता हलत नव्हती.

•

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला होता. मी स्वतःच कॉल केला, दुपारी, आई जेवल्यावर.

“तिला फोन द्या,” मी म्हटलं. नमस्कारही केला नाही.

“ती फोन घेईल असं वाटत नाही.”

“मग तिच्याजवळ न्या.”

बाई बागेत निघाल्या. त्यांचे बूट ओल्या गवतात पचपचत होते. पक्षी ओरडत होते. सफरचंदाची फुलं गळून गेली होती.

पाठ दिसली. ओळखीचं लुगडं नव्हतं. बाईंचा जुना स्वेटर होता अंगात, कोपरावर ठिगळ लावलेला. काळजी घेतली जात होती.

“आई.”

हात थांबला.

“कोन व्हय?”

“मी जया. घरी चाल.”

“घरी काय हाय वं? गट्टू?”

“काढून टाकीन सारे. उद्याच.”

“तुमी म्हनले, पडशील.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही धरता आलं असतं. “इथं पडली त मातीतच पडीन.”

“आई, ती बाई आपली कोणी नाही.”

“नाई त नाई. तुझ्यावानी टोकत त नाई.”

मागे खाटेवर श्वास चालू होता. मी वळून पाहिलं नाही.

“एकदा इकडं पाय ना, आई.”

ती वळली नाही. वाफ्यातून काहीतरी मुळासकट ओढून काढलं, झटकलं, बाजूला ठेवलं.

“जेवली काय तू?”

“हो.”

“मंग जाय. मले काम हाय.”

खांदा पुन्हा हलू लागला.

स्क्रीन फिरली. हॉलंबीबाईंचा चेहरा आला, आनंदलेला. “म्हणजे ती बोलते तर! काय म्हणाली?”

मी भाषांतर करणारी बाई आहे. त्या क्षणी काहीही म्हणता आलं असतं. ती घरी यायचं म्हणते. तिला पाठवून द्या. तिची मुलगी मरते आहे.

“ती म्हणते,” मी म्हटलं, “तिला काम आहे.”

पदरचं काही घातलं नाही.

“छान,” बाई म्हणाल्या. “असू दे मग.”

•

गट्टू मी काढले. रजत गाडी रस्त्यावर लावतो. साप्ताहिकात लेख चालू आहेत, आता दुसरं कुणीतरी करतं. खाट ओसरीतच आहे. मी भरवते, ती गिळते.

•

होळीच्या आधी, गट्टू बसले होते पण लेखात आई अजून आली नव्हती तेव्हा, मी तिला आधार अपडेट करायला सेतू केंद्रात नेलं होतं. दोन्ही हातांची बोटं ठेवून पाहिली. मशीनवर काही उमटलं नाही. मग डोळे ठेवून पाहिले. तेही नाही.