एवढा डाव संपू दे

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण एवढं लक्षात घ्या... ही हकीकत मला माझ्या सख्ख्या मावशीनं सांगितली, आणि नंतर तिच्या दिरानंही सांगितली. वेगवेगळी. दोघांचं एकमेकांशी वाकडं होतं. आणि ज्यांचं एकमेकांशी पटत नाही ती माणसं संगनमत करून खोटं बोलत नाहीत.

रात्र नव्हती. रविवार होता, भर दुपार.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. खिडक्या सताड उघड्या. खाली कुणीतरी बादलीनं गाडी धुत होतं.

मावशी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासून फ्रेममध्ये बसवते. हात हलका, जीभ तिखट. राग हिच्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणते. काका असताना तो निदान अधूनमधून खाली उतरायचा. काका गेले आणि तो तिथेच ठाण मांडून बसला.

काका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. शांत माणूस. नाद एकच, एका जुन्या व्हिडिओ गेमचा.

जाडजूड टीव्ही, पिवळट पडलेलं मशीन, वायरचा रिमोट. पडद्यावर चौकटी-चौकटींचा नकाशा. राज्य गेलेली एक राजकन्या आणि तिचं मूठभर सैन्य. आधी आपण आपली माणसं हलवायची, मग शत्रू त्याची हलवणार. बुद्धिबळासारखंच. फक्त इथल्या प्याद्यांना चेहरे होते, आणि मेलेला शिपाई पुन्हा कधीच परत यायचा नाही.

काकांनी सगळ्यांना टोपणनावं ठेवली होती. मागे रेंगाळणारा म्हातारा घोडेस्वार म्हणजे तात्या. फुंकर मारली तरी मरेल अशी धनुर्धारी पोरगी म्हणजे चिमणी.

यातलं एक जरी मेलं, की काका जिभेनं 'च्च' करायचे आणि अख्खी लढाई पहिल्यापासून सुरू करायचे. तासन्‌तास खेळलेली लढाई. एका चिमणीसाठी.

मावशी जेवायला हाका मारून दमायची.

"एवढा डाव संपू दे, आलोच."

शेवटच्या दिवशी काका अर्धी रजा टाकून घरी आले. छातीत दुखत होतं. त्यांनी धाकट्या भावाला फोनवर तसं सांगितलंही. भाऊ म्हणाला, डॉक्टरकडे जा. काका 'हो' म्हणाले आणि खुर्चीत बसून खेळायला लागले.

संध्याकाळी मावशी दुकानातून आली तेव्हा टीव्ही चालू होता. रिमोट मांडीवर होता. काका त्याच खुर्चीत होते.

गार.

भावाला माहीत होतं, हे मावशीला नंतर कळलं. त्यानं तिला एक फोन केला असता तर... तिचं दुकान घरापासून दोन चौकांवर होतं.

त्या रविवारी हाच दीर घरी आला. टायरच्या दुकानात कामाला असलेला, काळवंडलेल्या बोटांचा माणूस. आधी बराच वेळ सोफ्याच्या कडेवर बसून राहिला.

"वहिनी, ते मशीन तुम्हाला नको असेल तर मी नेऊ का? दादाची आठवण म्हणून."

"आठवण?" मावशी म्हणाली. "त्या दिवशी तुम्हाला माझा नंबर आठवला नाही, भावोजी. आणि आता आठवण पाहिजे?"

भावोजी गप्प. त्या विषयावर ते कायम गप्पच बसायचे, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्यानं मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"देते," ती म्हणाली. "पण त्याची ती सगळी माणसं मारून, रिकामं करून देते."

तिनं मशीन चालू केलं. स्टूल ओढून टीव्हीसमोर बसली. काकांची खुर्ची या दोघांच्या पाठीमागे, खिडकीपाशी होती. काका गेल्यापासून त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं.

खेळ कसा खेळायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण इतकी वर्षं बघून दगडालाही आलं असतं. तिनं चिमणीला उचललं आणि सरळ शत्रूच्या घोळक्यात नेऊन ठेवलं.

"वहिनी, ती मरेल तिथे."

"मरू दे. हिला वाचवायला त्याच्याकडे अख्खा दिवस असायचा. स्वतःसाठी दवाखान्यात जायला वेळ नव्हता."

शत्रूची पाळी आली. एक घाव... आणि चिमणी पडली. पडद्यावर तिचे निरोपाचे दोन शब्द आले आणि विरून गेले.

आणि मग...

'च्च.'

मागून आला आवाज. खुर्चीतून.

दोघांनीही मान वळवली. खुर्ची रिकामी होती. गादीतला खळगा तेवढा होता, पण तो कायमचाच होता.

पडदा काळा झाला. लढाई पहिल्यापासून सुरू झाली. चिमणी जिवंत, आपल्या चौकटीत उभी.

"बटण अडकलं असेल," भावोजी म्हणाले.

आवाजाचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. तिनंही नाही.

या खेपेला तिनं तात्याला पुढे काढलं. म्हातारा पडला.

'च्च.'

पुन्हा लढाई पहिल्यापासून.

दुसरी एखादी बाई किंचाळत जिना उतरली असती. मावशीचं डोकं फिरलं. तिनं रिमोटची वायर मशीनमधून उपटली आणि रिमोट भिंतीवर भिरकावला.

"आता कर," ती खुर्चीकडे न बघता म्हणाली. "बघू कसा करतोस."

खाली गाडी धुण्याचा आवाज थांबला होता. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येत नव्हती.

आणि पडद्यावरचा बाण... हलला.

रिमोट कोपऱ्यात पडलेला. वायर त्याच्याभोवती गुंडाळलेली. तरी बाण हलत होता. सावकाश. एकेका शिपायावर थांबत, त्याचा जीव किती उरलाय ते बघत, पुढे सरकत. अगदी काका करायचे तसं. चिमणी भिंतीच्या आडोशाला गेली. तात्या तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"वहिनी, बंद करा ते," भावोजी म्हणाले.

मावशीनं बोट वर केलं. गप्प राहा, म्हणून.

कारण तिला आणखी काहीतरी ऐकू यायला लागलं होतं.

श्वास...

आखूड, अडखळता. दुखतंय आणि दाखवायचं नाही, अशा माणसाचा. पडद्यावर एक शिपाई हलायचा, आणि मागे एक श्वास. पुन्हा एक शिपाई, पुन्हा श्वास. दर वेळी आधीपेक्षा तोकडा.

काका गेले त्या दुपारी ती दुकानात काचा घासत होती. हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. पण तो कसला आहे, हे तिला सांगावं लागलं नाही.

तिनं फोन उचलला आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला.

"वहिनी, कुणासाठी बोलावताय? तिथे कुणी नाहीये."

"त्या दिवशी तू बोलावली नाहीस," ती म्हणाली. दिराला तिनं आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं. "आज मी बोलावते."

फोन स्पीकरवर होता. पलीकडे एक बाई. शांत, कामाचा आवाज. मावशीनं पत्ता सांगितला. पुरुष, छातीत कळा, खुर्चीत बसलेला.

"गाडी निघाली आहे. त्यांना आडवं करू नका, बसलेले राहू द्या." मग ती बाई म्हणाली, "मला इथे त्यांचा श्वास ऐकू येतोय."

भावोजींनी तोंडावर हात ठेवला.

"आणि त्यांना बोलू नका म्हणावं. दम लागतोय त्यांना बोलताना."

मावशीनं फोन कानापाशी नेला. "काय बोलतोय तो?"

"तुम्हाला ऐकू येत नाहीये?"

"नाही."

त्या बाईनं आवाज खाली आणला. मग...

"ते म्हणतायत, तिला कळवू नकोस."

मावशीनं दिराकडे बघितलं.

"त्या दिवशीही हेच म्हणाला होता," भावोजी खाली बघत म्हणाले. "शपथ घातली होती मला. म्हणाला, ती उगाच काम टाकून धावत येईल."

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"कधी सांगायला हवं होतं? गेलेल्या माणसाची चुगली करायची होती का, वहिनी? त्यापेक्षा तुम्ही मला शिव्या घालत होतात, ते बरं होतं."

फोनमधला आवाज एकदम बदलला.

"ताई, श्वास थांबलाय. त्यांना खाली घ्या. छाती दाबायला सुरुवात करा. लगेच."

मावशीनं फोन टाकला. खुर्चीवर झेपावली आणि दोन्ही हातांनी पाठीची गादी दाबायला लागली. दाबता दाबता मारायला लागली. मुठींनी.

"ऊठ. मला न सांगता जातोस? मी काय परकी होते? ऊठ, मेल्या."

शेवटचा शब्द तोंडून गेला आणि तिचे हात थांबले.

पडद्यावरचा बाण कधीच थांबला होता.

ॲम्ब्युलन्सची माणसं धापा टाकत वर आली. पेशंट कुठे, म्हणून विचारलं. रिकामी खुर्ची बघितली आणि त्यांच्यातला वयस्कर माणूस चिडला. खोटे फोन करून लोकांचे जीव जातात, कळतं का तुम्हाला, असं बरंच बोलला. मावशीनं एरवी त्याला तिथेच फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी ऐकून घेतलं.

जाताना बॅग उचलायला तो वाकला आणि आधारासाठी त्यानं खुर्चीच्या हातावर हात टेकला...

आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

खुर्चीचा हात ओला होता. गादीही. त्यानं बोटं नाकाशी नेली.

"हा घाम आहे," तो म्हणाला. "कुणाला हलवलंत इथून?"



दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात असताना फोन आला. तीच बाई, कालची. असे फोन आम्ही करत नाही, म्हणाली, पण राहवलं नाही. पेशंट कसे आहेत?

"तो आधीच गेला होता," मावशी म्हणाली. "पावसाळ्याआधी."

मावशीला वाटलं, आता बाई फोन ठेवेल.

"काल तुम्ही फोन खाली टाकलात," बाई म्हणाली, "तरी लाइन चालू होती. गाडी पोचेपर्यंत मी ऐकत होते. श्वास थांबल्यावर... ते पुन्हा बोलायला लागले होते. अगदी स्पष्ट. दम न लागता. तुमच्याशीच बोलत होते बहुतेक. सांगू का, काय म्हणाले ते?"

मावशीच्या हातात अर्धवट घासलेली काच होती.

"मला कळवायचं नव्हतं ना त्याला," ती म्हणाली. "मग मला ऐकायचं नाही."

आणि तिनं फोन ठेवून दिला.

भावोजींनी मशीन नेलं नाही. तिनंही ते पुन्हा लावलं नाही. मी एकदा तिला म्हटलं, अगं मावशी, त्या बाईला फोन करून विचार तरी. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की पुढे बोलायची माझी छाती झाली नाही.

पण त्या बाईचा नंबर तिनं अजून फोनमधून काढलेला नाही. मी बघितलाय. नाव घातलेलं नाही. नुसता नंबर.