काळा रंग शेवटी

ज्या बाईचा फोन महिनोन्‌महिने बंद आहे, तिच्यावर मी आठवडाभर रुसून बसले होते. का, तर परत आली आणि मला साधी हाक मारली नाही. यावरून माझी अक्कल ओळखा.

लेस्या युक्रेनची. ओमानमध्ये, सलालाहला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायची. तिकडे लढाई चालू, तरी आईला आणायला म्हणून गेली. झाडांना पाणी घालायला चावी मला दिली. टेबलावर एक पांढरं अंडं होतं, मेणाने बारीक नक्षी काढलेलं. "हात लावू नकोस, विद्या. आल्यावर पुरं करते."

त्यांच्याकडे कच्च्या अंड्यावर मेणाने नक्षी काढतात आणि पिवळ्या रंगात बुडवतात. पुन्हा मेण, मग लाल. पुन्हा मेण, शेवटी काळा. मेणबत्तीपाशी धरून मेण वितळवलं, की आतले सगळे रंग एकदम वर येतात. मी विचारलं होतं, "उकडून का नाही घेत?"

"उकडलं की त्यातला जीव जातो."

"आमच्या सासूबाईंसमोर हे बोलू नकोस," मी म्हटलं होतं.

खरीफ, म्हणजे इथला पावसाळा, सुरू झाला. धुकं इतकं, की दुपारीसुद्धा दिवे लावायचे. एकदा दार उघडलं तर आत मेणाचा वास, आणि अंडं पिवळं. तोच तो माझा रुसण्याचा आठवडा. पुढच्या वेळी गेले तर लाल. घरात कोणी नाही. चादरीला सुरकुती नाही, कपबश्या धुळीने भरलेल्या. लाल रंगाच्या बरणीवर मात्र एक ओघळ... ओला.

घाबरायचं सोडून मी दोन कप चहा केला. एक तिच्या खुर्चीसमोर ठेवला.

"लेस्या... आई भेटली का गं?"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तो थांबला.

बसल्या बसल्या लक्षात आलं, आता फक्त काळाच राहिलाय. तो चढला की अंडं पुरं. मग ही कशाला येईल? मी उठले, काळ्या रंगाची बरणी बेसिनमध्ये ओतली, धुऊन पालथी घातली. राहू दे अर्धं. येत तर राहील.

दुसऱ्या दिवशी अंडं काळं होतं. शेजारी मेणबत्ती आणि काडेपेटी, नेमकी मी बसते त्या खुर्चीसमोर. वास मात्र मेणाचा नव्हता. उग्र, नाकात चढणारा... माझ्याच बाथरूममधला.

तशीच घरी आले. माझ्या हेअर डायचं नवं पाकीट फाडलेलं होतं. वाटी काळी, ब्रश ओला. माझा नवरा गुरुदत्त सोफ्यावर पाय पसरून मोबाइल बघत होता.

"गुरू..." मी वाटी त्याच्यासमोर धरली. "माझा डाय... तू घेतलास?"

त्याने मान वर न करता टकलावरून हात फिरवला.

"आणि लावला कुठे?"