मोहोळघारींच्या वाटेवरचं छत

सकाळी साडेनऊला वारा फिरला आणि मिम्मा धावत सुटली.

पश्चिमेचा वारा सुटला की सामुद्रधुनी ओलांडून येणाऱ्या मोहोळघारी खाली उतरतात, डोंगराला पोट घासतील इतक्या खाली, आणि खिंडीतून जातात. तिची घारी मोजायची रोजची जागा पलीकडच्या उतारावर होती, पण तिथवर पोचायला वेळ नव्हता. पिवळ्या फुलांनी लगडलेल्या झुडपांतून वाट काढत ती खिंडीत पोचली. समोर काँक्रीटची एक बसकी खोली होती. मिम्मा तिच्या सपाट छतावर चढली, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मोजू लागली.

बावीस... तेवीस... चोवीस.

"पंचवीस," पायाखालून आवाज आला. "एक मागे राहिलीय. ढगाच्या डावीकडे."

खरंच होती. तिळाएवढी.

"कोण आहे खाली?"

"ज्याच्या छतावर तुम्ही नाचताय, तो."

ती पालथी पडून वाकली. भिंतीतल्या आडव्या फटीतून दोन काळे डोळे वर बघत होते. मांडीवर बंदूक होती.

"दुर्बिणीशिवाय दिसली तुम्हाला?"

"तलवारमाशाच्या नावेवर डोलकाठीच्या टोकाला असतो मी. पाण्याखालचा मासा दिसतो, मग आभाळातली घार का दिसू नये? आता उतरा. बार काढायचाय मला."

"काढा की."

"तुम्ही वर असताना?"

"मग मी वरच बसते," मिम्मा म्हणाली आणि पाय फटीसमोर सोडून बसली.

 खालून आवाज आला, "डाव्या बुटाची नाडी सुटलीय."

शिकारीवर बंदी येऊन दहा वर्षं झाली होती. पण वनरक्षक दोनच होते, आणि गावाची समजूत कायद्याहून जुनी होती. ज्या पुरुषाने वसंतात एकही मोहोळघार पाडली नाही, त्याची बायको दुसऱ्याकडे जाते आणि त्याच्या डोक्यावर शिंगं उगवतात. वरच्या गावात शाळेत शिकवणाऱ्या मिम्माच्या स्वतःच्या घरी कपाटावर भुसा भरलेल्या सात घारी होत्या. ती मोजणीला जाऊ लागली तेव्हा वडील महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. गेल्या वर्षी कोणीतरी तिच्या स्कूटरची चाकं फाडली. तिने ती बदलली आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर वेळेवर हजर झाली.

या खिंडीचं महत्त्व तिला त्या सकाळीच कळलं. सगळ्या डोंगरात पक्षी इथूनच सर्वांत खालून जात होते. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून ती सहा वाजता छतावर हजर झाली. तिसऱ्या दिवशीही. खालच्या माणसाचं नाव सांतो. तोही रोज येई, बंदूक घेऊन, आणि खाली बसून राही.

"कंटाळा येत नाही?" तो विचारी.

"तुम्हाला?"

"मला काय, देखावा चांगला आहे. दोन बूट."

चौथ्या दिवशी फटीतून एक हात वर आला. त्यात मेंढीच्या चीजचा तुकडा आणि ओल्या बाकल्याच्या शेंगा होत्या. पाचव्या दिवशी कॉफीचा थर्मास आला. सहाव्या दिवशी पाऊस भुरभुरला तेव्हा ताडपत्री.

"ही लाच आहे का?" मिम्माने विचारलं.

"लाच दिली तर उतरशील?"

"नाही."

"मग लाच नाही. भिजू नकोस, बस."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तो खालून आकडे सांगे, ती वर वहीत लिही. त्याचे आकडे तिच्यापेक्षा बरोबर निघत, आणि तिला त्याचा राग येई, आणि राग फार वेळ टिकत नसे.

दहाव्या दिवशी तो उशिरा आला.

"ब्रुनो काका बोलले," तो म्हणाला. सांतो ज्या नावेवर काम करी, ती ब्रुनो काकांची होती. "न्हाव्याच्या दुकानात सगळे हसतात म्हणे. पोरीच्या बुटाखाली बसतो म्हणून. रविवारपर्यंत एक घार पाडली नाही तर सोमवारी नावेवर पाय ठेवायचा नाही. शिंगवाला डोलकाठीवर चढला तर मासा पळतो."

सोमवारी तलवारमाशाचा हंगाम सुरू होत होता. वर्षाची सगळी कमाई त्या तीन महिन्यांची.

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हणालो, अजून माझं लग्न कुठे झालंय!" तो हसला. "मिम्मा... माझ्याशी करशील?"

तिने वही मिटली. पेन्सिल खिशात ठेवली.

"रविवारी मी छतावर बसणार नाही," ती म्हणाली.

"का? हवामान खात्याने पश्चिमेचा वारा सांगितलाय. हंगामातला सगळ्यात मोठा थवा येईल."

"म्हणूनच. मी वर बसले म्हणून तू थांबलास, यात तुझं काय? सत्तर वर्षांची झाले तरी इथंच बसू?"

"जिना बांधून देईन."

"जिना नकोय मला, सांतो."

"मग काय हवंय?"

"मी नसताना काय करतोस, ते बघायचंय. मग उत्तर देईन."

रविवारी ती समोरच्या टेकडीवर बसली. नऊच्या सुमारास पहिला थवा आला. रात्रभर उपाशी, समुद्र ओलांडून थकलेला, पंख न हलवता तरंगणारा. खालच्या डोंगरावर बार झाला. मग आणखी दोन. मिम्माने प्रत्येक बार वहीत वेळेसह नोंदवला. बार कोणाचे, हे तिला दिशेवरून कळत होतं.

खिंडीतल्या फटीतून बंदुकीची नळी बाहेर आली.

मिम्माने दुर्बीण खाली घेतली नाही. पापणीही हलवली नाही. घारी छतावरून इतक्या खालून जात होत्या की त्यांच्या सावल्या काँक्रीटवर सरकताना दिसत होत्या. नळी त्यांच्यामागे वळली. एक... दोन... तीन.

मग नळी आत गेली. थोड्या वेळाने सांतो बाहेर आला, छतावर चढला आणि तिच्याच जागी पाय खाली सोडून बसला. त्याने बोट वर करून मोजायला सुरुवात केली.

त्या छतावरून दिवसभरात पाचशे बारा घारी गेल्या. तिथून एकही बार झाला नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर खालच्या गावातला चौक भरला होता. सांतोच्या दारावर बोकडाची शिंगं ठोकलेली होती, चांगली हातभर लांब. कॉफीच्या दुकानासमोर ब्रुनो काका आणि त्यांची मंडळी खुर्च्या टाकून मजा बघत होती. सांतो दारात हातोडी घेऊन उभा होता.

"काढतोय बिचारा!" कोणीतरी ओरडलं.

सांतो काढत नव्हता. एक शिंग सैल होतं, तो त्याला आणखी एक खिळा मारत होता.

मिम्माने स्कूटर चौकाच्या मधोमध उभी केली. खुर्च्यांवरच्या माना वळल्या. ती सरळ चालत दारापर्यंत गेली. दोघं पहिल्यांदाच एका पातळीवर उभी होती. तो तिच्याहून फक्त बोटभर उंच होता... तिला वाटलं होतं, बराच असेल.

"नावेवरची जागा गेली?" तिने हळूच विचारलं.

"गेली. पलीकडच्या बंदरात एका नावेवर जागा आहे. पैसे कमी. पण तिथल्या नाखव्याची बायको दोनदा पळालीय. म्हणतो, तू चढ खुशाल, माझ्या शिंगांपुढे तुझी कुठली दिसायला!"

मिम्माला हसू आवरेना. "आणि नळी बाहेर काढली होतीस ना?"

"काढली होती," तो म्हणाला. लपवलं नाही. "तीन घारींवर रोखली. चौथी आली तेव्हा वाटलं, ही पडली तर तुला काय आकडा सांगू?"

 तिने शिंगांकडे पाहिलं, टोकाला हात लावला, ओढून पाहिलं. पक्की होती.

"लग्नाआधीच शिंगं!" ती मागे वळून खुर्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "फारच घाई झाली बाई तुम्हाला."

मग तिने गळ्यातली दुर्बीण काढली, पट्टा उजव्या शिंगात अडकवला, वही सांतोच्या हातात दिली आणि आत गेली.

"वही डाव्या शिंगाला लाव," दारातून तिचा आवाज आला. "पुढच्या वसंतात शोधत बसायला नको."