नाही न म्हणणारी गाडी

घाटाच्या पायथ्याशी गाडी आपोआप थांबली. "पुढे दरड कोसळण्याचा धोका आहे. आपण परत जात आहोत," असं शांत आवाजात सांगून तिने स्वतःच तोंड फिरवलं.

आत बसलेल्या प्रणाली गावडेने सीटला पाठ टेकली. वाद घालून उपयोग नसे. डोंगराच्या पोटात पुरलेले संवेदक मातीची ओल आणि हालचाल सतत कळवत असत. धोका ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की एकही नवी गाडी पुढे सरकत नसे, मग आत कोणीही असो. लोक त्यांना शहाण्या गाड्या म्हणत. त्या आल्यापासून या घाटात दरडीखाली एकच माणूस दगावला होता. प्रणालीचा नवरा, सुहास.

त्याची गाडी जुनी, डिझेलची. तिला असला मेंदूच नव्हता. गेल्या पावसाळ्यात एका अडलेल्या बाळंतिणीला नेणारी रुग्णवाहिका अशीच मागे वळली, तेव्हा सुहासने त्या बाईला आपल्या गाडीतून वर तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं. आई आणि मुलगी, दोघी वाचल्या. एकटा परत येताना दरड त्याच्या अंगावर आली.

ती चेपलेली गाडी तालुक्याच्या गॅरेजात पडून होती. भंगारात द्या, एवढंच सांगायला प्रणाली निघाली होती. शेजारच्या सीटवर डायलिसिसला निघालेले परब गुरुजी होते.

"परवाही अशीच परतली," गुरुजी म्हणाले. त्यांचे पाय सुजून टम्म झाले होते. "सुहास असता तर..."

"तर तुम्हाला घेऊन गेला असता," प्रणाली म्हणाली. "आणि मी दारात उभी राहिले असते."

त्या दिवशी घाटात एक खडाही पडला नाही. रात्री गुरुजींना धाप लागली. सकाळी रस्ता खुला झाल्यावर त्यांना नेलं, ते थेट अतिदक्षता विभागात.

त्यांना तिथे सोडून प्रणाली गॅरेजात गेली. तिचा दीर ओंकार आणि त्याची बायको ऋतुजा आधीच आले होते.

"इंजिन चार लाख किलोमीटरवर पळालंय," मकबूल मिस्त्री म्हणाले. "टर्बो गेला, रिंगा घासल्यात. पण चासी, म्हणजे खालचा सांगाडा, सरळ आहे. मन लावून केलं तर काही वर्षं काढेल. तुम्ही म्हणाल तसं."

"वहिनी, मी चालवीन," ओंकार म्हणाला.

प्रणालीने चेपलेल्या टपावर हात ठेवला. या गाडीने एकदा जरी नकार दिला असता, तर सुहास आज घरी असता. आणि ती मुलगी? ती आता रांगायला लागली होती.

"करा दुरुस्त," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

मिस्त्रींनी मान हलवली आणि पाने काढायला ते आत गेले. ओंकार त्यांच्या मागोमाग गेला. ऋतुजा मात्र जागची हलली नाही.

"ताई," ती हळूच म्हणाली, "गाडी नाही म्हणणार नाही. हे तर म्हणणारच नाहीत. मग कुणीतरी मध्यरात्री दार ठोठावेल, तेव्हा नाही कुणी म्हणायचं? मी?"